खंडेनवमीच्या दुपारचे चार तास

देवी पावते का, असं मला कोणी विचारलं तर मी आजही चटकन हो म्हणत नाही. नवरात्र धरतो, घट बसवतो, नऊ दिवस अनवाणी फिरतो. पण हा प्रश्न आला की जीभ अडखळते. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं नाही, आणि जे मिळालं ते मागायचं मला सुचलंही नव्हतं. तरी त्या दुपारी अकोटच्या कापसाच्या जिनात आमच्याजवळ कोणीतरी येऊन बसलं होतं, एवढं मला पक्कं वाटतं. कोण, ते ठरवायची माझी लायकी नाही. झालं ते सांगतो. त्यात माझी फुशारकी किती आणि हट्ट किती तेही सांगतो, कारण ते वगळलं तर सांगण्यात काही राम राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे, म्हणजे लढाईचे दिवस होते आणि वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. आम्ही अकोल्याचे माळी. जठारपेठेपासून जवळच मोर्णा नदीच्या काठी आमचा मळा होता; वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. मला मात्र लहानपणापासून इंजिनाचं वेड. मळा भावांच्या अंगावर टाकून मी एक जुनीपुराणी मोटार घेतली आणि भाड्यानं माणसं नेऊ लागलो. दोन वर्षं बरी गेली. मग मोटारीचा डायनामो जळला. मोटार चालत असताना बॅटरी आपोआप भरत राहते ती ह्या डायनामोमुळे. लढाईपायी नवा भाग कुठंच मिळेना; मुंबईहून नकार, नागपूरहून नकार. पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर थोडंफार मिळायचं, पण नुसतं पेट्रोल असून भागत नाही, ठिणगीला बॅटरी लागतेच. माझी मोटार म्हणजे शिदोरी बांधून निघालेला माणूस झाली होती. घरून बॅटरी भरून निघायचं आणि ती संपायच्या आत ती पुन्हा भरून देणारं कोणी गाठायचं.

अकोल्यात वीज होती, बॅटरी भरून देणारं दुकान होतं. अकोला सोडलं की अंधार. गावोगावच्या कापसाच्या जिनांत, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांत, मात्र तेलाची इंजिनं असत, आणि काही जिनांत त्या इंजिनावर दिव्यांपुरता डायनामो बसवलेला असे. कोणत्या गावच्या जिनात डायनामो आहे, तिथला मिस्त्री कोण, तो चहावर राजी होतो की पानावर, हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं. कुठं जायचं म्हटलं की लोक रस्ता विचारतात, मी जिन विचारायचो. ही भानगड घरात फक्त माझ्या बायकोला, शांताला ठाऊक होती. तिच्या वडिलांना मी ती कळू दिली नव्हती.

तिचे वडील तेल्हाऱ्याला राहत. मी त्यांना मामाजी म्हणायचो. तेही आमच्यासारखेच बागाईत करणारे; विहिरीवर मोट, दोन बैल, आणि भाजी अशी की बाजारात त्यांची टोपली आधी रिकामी व्हायची. शांताची आई कधीच वारली होती, हीच एक लेक. त्यांना माझी मोटार डोळ्यांसमोर नको असायची. माळ्याच्या पोटी येऊन मातीला पाठ दाखवली, हा त्यांचा माझ्यावरचा राग. "ह्या डबड्यावर माह्या पोरीले पोसता का तुमी?" असं त्यांनी मला चारचौघांत विचारलं होतं. मीही काही गरीब गाय नव्हतो. नाकावर राग आणि तोंडात उत्तर तयार. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे शांतामार्फत चाललेला निरोपांचा कारभार होता.

मामाजी दरवर्षी दसऱ्याला आपल्या मळ्यातला झेंडू अमरावतीला अंबादेवीला घेऊन जात. त्या वर्षी त्यांचे पाय सुजत होते, म्हणून शांतानं घाट घातला की आपल्या मोटारीनं त्यांना न्यायचं. ते नाही म्हणाले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. मी मनाशी म्हटलं, आता दाखवतो म्हाताऱ्याला मोटार काय चीज असते ते. अष्टमीला आम्ही तेल्हाऱ्याला पोचलो. माझा बेत ठरलेला होता. तेल्हाऱ्याहून अकोटपर्यंत पुरेल एवढी बॅटरी शिल्लक ठेवायची, दसऱ्याच्या सकाळी अकोटच्या जिनात ती भरून घ्यायची आणि पुढं अमरावती.

पण अष्टमीच्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. गल्लीतली माणसं मोटारीभोवती जमली, पोरीबाळी हात लावून पाहू लागल्या, कोणी म्हणालं दिवे लावून दाखवा. मी दिवे लावले. मामाजी ओट्यावर बसून पाहत होते. मी भोंगा वाजवला, दिव्यांसकट गावातून दोन चकरा मारल्या, आणि परत येऊनही किती वेळ दारात झगझगाट करून उभा राहिलो. मला कळत होतं की आपण उद्याची शिदोरी आज उधळतोय. तरी मी थांबलो नाही. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून वाहवा ऐकायची होती मला. ती आली नाहीच.

रात्री बॅटरी काढून मी घरात आणून ठेवली. दुसरा दिवस खंडेनवमीचा. सकाळी मी तिची तारा जोडायची टोकं पुसत होतो तर मामाजी जवळ येऊन उभे राहिले. "मोटारीचा जीव कशात रायते, जवाईबापू?" त्यांनी विचारलं. किती महिन्यांनी ते माझ्याशी सरळ बोलत होते. मी ताठ्यात म्हणालो, "ह्या पेटीत." आणि आंघोळीला गेलो. परत येऊन बघतो तर देवघरासमोर पूजा मांडलेली. पाटावर खुरपी, विळे, कुदळ, मोटेचं लोखंडी कडं, आणि मधोमध माझी बॅटरी. तिला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. त्या घरची रीत मला ठाऊक होती. नवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाहिल्याशिवाय कोणी हलवायचं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला न विचारता माझी वस्तू उचलली, ती ओल्या हातांनी रंगवली, आणि आता उद्यापर्यंत ती देवीची! मी तोंड फिरवून ओट्यावर जाऊन बसलो.

नऊच्या सुमाराला कळलं की मामाजी पहाटेपासून कळ दाबून वावरत होते, आता पोट धरून पडले आहेत. त्यांना अंतर्गळ होता. बरीच वर्षं लंगोट कसून ते निभावत आले होते. आज ती गाठ बाहेर आली होती आणि आत जात नव्हती. दवाखान्यातले डॉक्टर सणाला गेलेले. कंपाउंडरनं येऊन गाठ दाबून पाहिली आणि लगेच हात काढून घेतला. त्यानं मला बाहेर बोलावून सांगितलं, आतडं अडकलं आहे, हे कापूनच सोडवावं लागतं, आणि त्याची सोय अकोल्याशिवाय कुठं नाही. आजच न्या, आत्ता न्या. भाड्याच्या मोटारी पेट्रोलपायी उभ्या होत्या. बैलगाडीनं अकोला म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. उरली माझी मोटार, आणि तिचा जीव देवीपुढं मांडलेला.

मी आत जाऊन म्हणालो, "मामाजी, बॅटरी उचलतो. अकोल्याला जायचंय." ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. म्हणाले, "आज नाई. उद्या सोनं वाह्यलं का मंग उचला." शांता रडू लागली. "तुमी तरी समजवा न त्याइले," ती मला म्हणाली. एखाद्या शहाण्या माणसानं समजावलं असतं. पाया पडला असता, नाहीतर सरळ दमदाटी करून उचलून नेलं असतं. मी म्हणालो, "मर्जी त्यांची." आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसलो. रीत मोडायची भीती मला तिळभर नव्हती. माझ्या मनात एवढंच होतं की मरणाच्या दारातही हा माणूस माझ्या मोटारीला नाही म्हणतो काय, मग बसू दे कळा सोसत. एकदा त्याच्या तोंडून निघू दे, जवाईबापू, मला न्या म्हणून. मी तीन तास तसा बसून राहिलो. आतून कण्हणं ऐकू येत होतं आणि मी बसून राहिलो.

बाराला त्यांना हिरवी ओकारी झाली. तेव्हा शांता कोणाला काही न विचारता उठली, देवीपुढं हात जोडले, आणि हारासकट ती जड बॅटरी दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरून बाहेर घेऊन आली. तिच्या लुगड्यावर तेजाबाचे डाग पडले. माझ्यापुढं बॅटरी ठेवून ती म्हणाली, "पाप लागन तं मले लागू द्या. आता तरी उठता का?" माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मी उठलो.

तेल्हारा ते अकोट पंधराएक मैल. मागच्या बाकावर शांता, तिच्या मांडीवर मामाजींचं डोकं. दर खड्ड्याला ते ओरडत आणि मी दात खाऊन चाक धरत होतो. अकोट दिसायला लागलं तशी मोटार आचके द्यायला लागली. वेशीपाशी इंजिन बंद पडलं. हँडल मारून मारून माझ्या हाताची सालं निघाली, पण ठिणगीच नाही. दिवे आणि भोंगा यांनी आदल्या संध्याकाळी खाल्लेलं सगळं आता माझ्यासमोर हजर झालं होतं. रस्त्यावरच्या चौघांनी हात लावला आणि आम्ही मोटार ढकलत जिनापर्यंत नेली. अकोटातल्या दोन्ही मोटारी सणासाठी बाहेरगावी गेलेल्या होत्या.

जिनाचं फाटक उघडं होतं, पण आत शुकशुकाट. हंगाम दिवाळीनंतरचा, इंजिन तेलपाणी करून ठेवलेलं, त्याच्या मोठ्या चाकाला झेंडूचे हार, पुढं फोडलेला नारळ, उदबत्तीची राख. इंजिनाचा मिस्त्री मुसलमान होता, माझ्या ओळखीचा. मी हात जोडले तसा तो दोन पावलं मागं सरला. "भाई, नवमी है आज. हार चढा है. मैं कैसे हात लगाऊँ?" तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. मालकाचा विश्वास, हिंदूंचा सण, आणि तो त्याच जिनावर पोट भरणारा. मालक अकोल्याला गेलेले. तिथंच इंजिनाच्या खोलीच्या पायरीवर मी मटकन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवीला म्हणालो, माय, माझ्या हट्टाची शिक्षा त्यांना देऊ नको. ह्या माणसाला जगव.

आवाज ऐकून मालकांची आई बाहेर आली. आवारातच त्यांचं घर. मी त्या बाईंना आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी भेट झाली नाही. सत्तरीच्या, वाळलेल्या, पांढरं लुगडं, पाय अनवाणी. नऊ दिवस पाण्यावर असतात असं मिस्त्री हळूच म्हणाला. इतक्या कडक उपासाची बाई हार कशाला हलवू देईल, आता संपलंच, असं मला वाटलं. बाई मोटारीपाशी गेल्या, वाकून आत पाहिलं. शांताला म्हणाल्या, "काहून रडून राहिली व माय? काय झालं बुढ्याले?" शांतानं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मिस्त्रीकडं वळल्या, "इंजन काहून नाई लावत तू?"

"माँजी, नवमी है..."

"मले नवमी सांगतं? उपास मी करून राहिली का तू?"

मिस्त्री बाजूला सरला. बाई इंजिनाच्या खोलीत आल्या. त्यांनी चाकाला हात लावून नमस्कार केला आणि एकेक हार स्वतःच्या हातानं उतरवला. पुटपुटत होत्या ते मी ऐकलं. "माय, तुही पूजा झाली. आता जरासं काम कर." हार ओच्यात घेऊन त्या बाहेर गेल्या. मिस्त्रीनं बत्ती पेटवून इंजिनाचं डोकं तापवायला घेतलं, आम्ही दोघांनी चाक ओढलं, आणि दीडच्या सुमाराला नवमीच्या दिवशी ते इंजिन धडधडू लागलं.

जिनाच्या डायनामोचा जोर बॅटरीला सोसत नाही, म्हणून मधे दिवे जोडावे लागतात. जितके दिवे लागतील तितकी बॅटरी भरते. मिस्त्रीनं लांबच लांब पडवीतले सगळे दिवे जोडले. भर दुपारी, उन्हात, त्या रिकाम्या जिनात दिव्यांची अख्खी रांग लागली. मिस्त्री म्हणाला, चार तास तरी धरा, नाहीतर अकोला गाठणार नाही, वाटेत पूर्णा नदीच्या काठी बसाल. चार तास! मी वेड्यासारखा पडवीत येरझारा घालत होतो. दर पाच मिनिटांनी बॅटरीत तोंड घालून बघत होतो, जणू माझ्या बघण्यानं ती लवकर भरणार होती. मी कधी कुठं स्वस्थ बसलेला माणूस नव्हे. शेवटी बाईंनी मला दटावलं, "तुह्या नाचण्यानं भरते का ते? जाय, त्याइच्याजोळ बस." त्यांनी पडवीत रिकाम्या बारदानाच्या थप्पीवर सतरंजी टाकून मामाजींना निजवलं होतं. मी जाऊन उशाशी बसलो. बसण्यापलीकडं माझ्या हातात काही उरलंच नव्हतं.

आणि मग, इंजिन सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल, मामाजींच्या कळा थांबल्या. सकाळपासून वेडावाकडा झालेला चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी डोळे उघडले, वरच्या दिव्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "दिवसाढवळ्या दिवे कायले लावले?" शांता हुंदका देऊन हसली. बाईंनी देवीच्या नावानं हात जोडले, मिस्त्रीनंही काहीतरी पुटपुटून तोंडावरून हात फिरवला. देवी पावली, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. मला तर नाचावंसं वाटलं.

मी त्यांना दिव्यांचं सांगितलं. मग डायनामो जळाल्याचं सांगितलं. त्यांच्यापासून इतके महिने लपवलेलं सगळं, अष्टमीच्या झगझगाटासकट, मी एका दमात ओकलो. आता टोमणा येईल म्हणून मान खाली घातली होती. ते म्हणाले, "म्हंजे विहीर उपसून गेली. मंग पाझर भरेपर्यंत बसाच लागते न बावा. आमी बी मोट सोडून बसतोच." एवढंच. मी मोटारीचं इतकं सगळं बोलायचो, इतकं मिरवायचो, आणि माझी अडचण ज्याला सगळ्यांत आधी कळली असती त्यालाच मी सांगितलं नव्हतं.

उरलेला वेळ आम्ही बोललो. मधूनच ते डोळे मिटत, मग पुन्हा बोलत. विहीर खणताना लागलेल्या खाऱ्या पाण्याचं, शांताच्या आईचं, पहिल्यांदा अंबादेवीला चालत गेले त्याचं. मी बॅटरीचा विषय काढला, म्हटलं, सकाळी मला राग आला होता, माझी वस्तू न विचारता मांडली म्हणून. ते म्हणाले, "ज्याच्यावर पोट भरते तेच मांडतात पूजेत. माह्या खुरप्याजोळ ठेवली मी ते. दुसरं कसं सांगू तुमाले?" मला ते ऐकून रडू कोसळलं. त्यांनी मला त्यांच्या पाटावर घेतलं होतं, माझ्या धंद्याला कुंकू लावलं होतं, आणि मी ओट्यावर जाऊन फुगून बसलो होतो.

शांता पाणी आणायला गेली तेव्हा मी ते बोललो. "मामाजी, सकाळी मी मुद्दाम बसलो. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून बसलो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ठाऊक हाय मले," ते म्हणाले. "मी बी मुद्दामच नाई म्हणलो. तुमी अजून एक डाव विचारान, अशी वाट पाहून राहिलो होतो." आणि माझा हात हातात घेऊन ते निजले. त्यांचा हात गार होता. मला वाटलं, दुपारचा वारा आहे.

साडेपाचला मिस्त्रीनं बॅटरी जोडून दिली. निघताना बाईंनी इंजिनावरून उतरवलेला एक हार मामाजींच्या छातीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "जाय, बापू. इंजन मी पाहून घेतो, तिले मी सांगीन." मोटार पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी पुढं बसून मैल मोजत होतो. पूर्णा ओलांडली, अंधार पडला, दिवे लावले, बॅटरी टिकली. मागं बापलेक हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला ते शब्द ऐकू येत नव्हते आणि ऐकायची निकडही वाटली नाही. धोका टळला असंच मी धरून चाललो होतो.

अकोल्याला दवाखान्यात मी हौसेनं डॉक्टरांना सांगितलं की दोनपासून कळ पार थांबली आहे. डॉक्टरांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि लगेच टेबल तयार करायला सांगितलं. पोट उघडलं तर आतलं हातभर आतडं काळं पडलेलं होतं. त्यांनी ते कापून टाकलं, जोडलं, जे करता येतं ते सगळं केलं. बाहेर येऊन त्यांनी मला समजावलं. अडकलेलं आतडं जिवंत असतं तोवर दुखतं. ते मेलं की दुखणं थांबतं. तुम्ही बरं वाटलं म्हणता, ती तीच वेळ. मी विचारलं, तीन तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मामाजींनी आणखी तीन दिवस काढले आणि पौर्णिमेच्या आधीच ते गेले. शुद्ध अशी मग आलीच नाही. त्या वर्षी तेल्हाऱ्याचा झेंडू अंबादेवीला गेला नाही; झाडांवरच वाळला.

मी देवीला नको नको ते बोललो. ज्याला आम्ही कृपा म्हणून हात जोडले ती मरणाची खूण होती, हे समजल्यावर माणसानं कशाला हात जोडावेत? दहा दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही. ते तीन तास माझ्या छातीवर बसले होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, माणसं पांगली, आणि नदीकाठी मी शांताला धरून बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मी ओट्यावर का बसलो होतो, मनात काय होतं, सगळं. म्हटलं, तुझ्या बापाला मी मारलं. तू मला सोडून गेलीस तरी मी ब्र काढणार नाही.

ती पाण्याकडं पाहत होती. तसंच पाहत म्हणाली, "मले ठाऊक हाय. बाबानं गाडीतच सांगतलं. म्हणे, जवाईबापू कधी तरी तुले सांगतीन, तवा त्याइच्यावर चिडू नको. आमी दोघंबी सारखेच अडेल निंघालो म्हणे." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "माह्या गळ्याची शपथ घेतली त्यानं. म्हणे, माणूस चांगला हाय, मले उशिरा भेटला."

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. डॉक्टर म्हणाले ते मी खरं मानतो. आतडं मेलं म्हणून कळ थांबली. आणि देवीनं थांबवली, हेही मी खरं मानतो. ही दोन्ही एकाच वेळी माझ्या मनात नांदतात, भांडत नाहीत. मी जीव मागितला होता. तो द्यायचा की नाही हे तिच्याकडं; माझ्या हट्टानं तो आधीच किती खर्ची पडला होता ते तीच जाणे. तिनं मला चार तास दिले. बॅटरी भरत नव्हती म्हणून, मला पळायला जागा नव्हती म्हणून, मी एका माणसाजवळ बसलो. मला तेव्हा ते तास शिक्षा वाटत होते. आता कोणी आजारी पडलं, कोणी रुसलं, तर मी जाऊन बसतो. काही करता येत नसेल तरी बसतो, आणि एकदा नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारतो.